वन्संच्या नावाचं पत्र

१२ सप्टेंबर, गुरुवार

झाली एकदाची दहा वर्षांची! काल भिंगरीचा वाढदिवस, आणि आज मी आणि नवरा कामावर दांडी मारून वकीलबाईंच्या दारात. त्यांचं ऑफिस उघडायच्या आधी अर्धा तास जाऊन उभे. आत झाडलोट चालू होती. झाडणारी बाई केरसुणी घेऊन आमच्याकडे अशी बघत होती की जणू आम्हीच कचरा केलाय.

वकीलबाईंनी सगळं पुन्हा नीट समजावलं. मूल इथे जन्मलं आणि पहिली दहा वर्षं इथेच राहिलं, तर इथलं नागरिकत्व मागायचा त्याला स्वतःचा हक्क असतो. आईबापांकडे कसले कागद आहेत त्याच्याशी संबंध नाही. आमच्या कागदांचा तर आनंदच आहे! याची लिफ्टदुरुस्तीची कंपनी विकली गेली, नवे मालक याचा कामाचा परवाना वाढवून देणार नाहीत. फेब्रुवारीअखेर मुदत संपते. भिंगरी इथली झाली तर तिला सांभाळायला म्हणून आम्हालाही राहता येईल. नाही झाली तर तिघांनी गाशा गुंडाळायचा.

"अट एकच," वकीलबाई म्हणाल्या. "दहापैकी कुठल्याही एका वर्षात ती तीन महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेली नको. तशी कधी गेली नाही ना?"

याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहिलं.

"छे! सुट्टीत जायची, तेवढंच," हा म्हणाला.

बाहेर आल्यावर बसस्टॉपपर्यंत याचा दंड धरून चालले. एरवी मी कधी धरत नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

जुना पासपोर्ट सापडला. तिचा पहिला. फोटोत टक्कल आणि आ वासलेला.

दोन शिक्के. ४ एप्रिलला गेली. २४ नोव्हेंबरला परत. सात महिने वीस दिवस.

मी विसरले होते असं नाही. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस आमचं तेच. हा म्हणतो, "आठ वर्षांपूर्वीचं कोण उकरून काढतंय?" मी म्हणते, "शिक्का काढतोय! त्यांनीच मारलाय ना तो?" हा म्हणतो, "पासपोर्ट हरवला म्हणून सांगू." मी म्हणते, "हो का! त्यांच्या कॉम्प्युटरमधूनही हरवला म्हणून सांग." मग हा उठून नळाचा वॉशर बदलत बसतो. घाबरला की याला घरात काहीतरी नादुरुस्त सापडतं. या आठवड्यात नळ, कपाटाची बिजागरी आणि माझी बरी चाललेली इस्त्री, सगळं उघडून झालं.

आज कामावर एका आजोबांच्या कवळीचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या डब्यात टाकला. पंधरा वर्षं कवळ्या करते आहे, असं कधी झालं नव्हतं. प्लास्टरवाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिने निमूटपणे बदलून ठेवला. वर म्हणाली, "घरी कुणी आजारी?" म्हटलं, नाही गं. कसं सांगू की सगळे धडधाकट आहेत, म्हणूनच पंचाईत आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गेले आणि सांगून टाकलं. एकटीच गेले. याला घेऊन गेले असते तर याने पुन्हा "छे!" म्हटलं असतं.

वकीलबाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "बरं केलंत. लपवलं असतं आणि त्यांना सापडलं असतं, तर अर्ज तर फेटाळलाच असता, वर तुम्हा तिघांना दहा वर्षं या देशात पाऊल टाकता आलं नसतं."

दहा वर्षं! भिंगरी वीस वर्षांची होईल.

मग वाट सांगितली. जाणं तात्पुरतं होतं, कारण मोठं होतं आणि मुलीचं खरं घर तेव्हाही आईबापांचंच होतं, हे पटवता आलं तर नागरिकत्वाचं ऑफिस ते महिने माफ करू शकतं. दोन कागद लागतील. एक माझ्या आजारपणाचा, डॉक्टरांचा. दुसरा ज्यांच्याकडे ती राहिली त्यांचं पत्र, त्यांच्या सहीचं.

"कुणाकडे होती?"

"माझ्या नणंदेकडे."

"मग सोपं आहे," म्हणाल्या.

सोपं! उठताना खुर्चीचा हात धरला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांचा कागद मिळाला. त्यांच्याकडे अजून सगळं लिहिलेलं आहे. दुसरं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतर आठ महिने औषधं. "रुग्ण अंथरुणातून उठत नाही. मुलीकडे पाहत नाही." बसमध्ये वाचलं. शेजारचा माणूस माझ्या खांद्यावरून डोकावत होता म्हणून घडी घातली.

२३ सप्टेंबर, सोमवार. जेवणाची सुट्टी

इथे तरी खरं लिहिते. इथे कोण वाचतंय.

भिंगरीला वन्संकडे ठेवायला दिलं नव्हतं. देऊन टाकलं होतं.

वन्सं माझं करायला म्हणून आल्या होत्या. दोन महिने त्यांनीच घर चालवलं. त्यांना मूल नाही. होण्याची आशाही सोडलेली. भिंगरी त्यांच्या कडेवरून उतरायची नाही. एके दिवशी दुपारी त्या मला पेज भरवत होत्या आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "हिला तुम्हीच न्या. तुमचीच म्हणून वाढवा. मला नको." कुणी माझ्या तोंडात शब्द घातले नव्हते. वन्संनी तीनदा विचारलं. तीन वेगवेगळ्या दिवशी. मी तीनदा हो म्हटलं. यालाही विचारलं. हा रडला, पण हो म्हणाला. मी त्या वेळी जे म्हणेन त्याला हा हो म्हणायचा.

आणि नोव्हेंबरात मी बरी झाले. बरी झाले आणि पोरीची आठवण अशी आली की छातीत दुखायला लागलं. विमानात बसून गेले आणि घेऊन आले.

वन्सं भांडल्या नाहीत. दार अडवलं नाही. पोरीचे कपडे घडी घालून पिशवी भरून दिली. भिंगरी मला "ए" म्हणत होती आणि त्यांना "आई". निघताना तिने त्यांच्या पदराला जी मिठी मारली, ती त्यांनीच एकेक बोट करून सोडवली. म्हणाल्या, "आता पुन्हा येऊ नका."

आठ वर्षं झाली. हा दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला फोन करतो. त्या कापतात.

आणि त्यांच्याकडून पत्र आणायचंय – की मुलगी पाहुणी म्हणून आली होती!

२४ सप्टेंबर, मंगळवार

वन्संनी खरं लिहिलं तर? "मला दिली होती, कायमची." एवढंच लिहिलं तरी सगळं संपलं. त्यात खोटं काहीच नाही.

हा म्हणाला, "मी बोलतो ताईशी. तू मध्ये पडू नकोस." बरं म्हटलं. सुटल्यासारखंच वाटलं, लाज वाटली तरी.

३० सप्टेंबर, सोमवार

भिंगरीने टेबलावरचा अर्ज वाचला. वाचता येतं याचा हा तोटा.

"मी सात महिने आत्याकडे होते? मग मला का आठवत नाही?"

"बाळ होतीस तू."

"तू कुठे होतीस?"

"आजारी होते."

"मग आत्या आपल्याशी बोलत का नाही?"

ही पोरगी शाळेत गोलकीपर आहे, पण घरात एकेक प्रश्न थेट गोलात मारते. म्हटलं, जा, बूट पूस आधी, गाळ लागलाय. गेली. दारातून वळून म्हणाली, "तू नेहमी बुटांवर येतेस."

१ ऑक्टोबर, मंगळवार

हा सांगत आला – ताई बोलली! पाठवते म्हणाली!

मी खुर्चीवर बसले ती बसलेच. "काय म्हणाल्या? नीट सांग. आवाज कसा होता? माझं काही विचारलं?" हा म्हणाला, "अगं, दोन मिनिटं तर बोलली. पाठवते म्हणाली ना, झालं."

वन्सं, तुमच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पत्र आलं! याच्या कंपनीच्या पत्त्यावर. दोन कागद, रेघांचे. अक्षर तिरपं, सावकाश काढलेलं. वन्संचं अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं.

लिहिलंय – भावजय फार आजारी होती म्हणून मूल थोडे दिवस माझ्याकडे होतं. आमच्या भिंगरीला मी आत्याच्या मायेने सांभाळलं, पण ती आमच्याकडे पाहुणीच होती. तिचं घर तिच्या आईबापाचं. आई बरी होताच घेऊन गेली, ठरल्याप्रमाणे.

ठरल्याप्रमाणे! वन्संनी हे लिहावं! स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. हा बाजूला उभा राहून माझ्या पाठीवर थोपटत होता. माझ्याकडे बघत मात्र नव्हता. म्हटलं, बहिणीच्या आठवणीने असेल.

पाकीट कुठंय विचारलं, पत्ता उतरवून घ्यायचा होता. म्हणाला, फेकलं. वेंधळा!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पत्राचं भाषांतर झालं. अर्ज गेला. वकीलबाईंनी पोचपावती दिली. दहा आठवडे लागतील म्हणाल्या, कधी लवकरही होतं.

आज दोन घास नीट गेले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वन्संना फोन करून आभार मानावे म्हणते, तर हा करू देत नाही. "ती म्हणाली, फोन नको. पत्र दिलं, विषय संपला." बरं, मग दोन ओळी लिहून पाठवते म्हटलं. "नको म्हणतोय ना!" केवढ्याने ओरडला. हा ओरडत नाही. ओरडला की लगेच स्वतःच दचकतो.

मग जिन्यातला दिवा दुरुस्त करायला गेला. तो दिवा आपला नाही, इमारतीचा आहे!

२९ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर साच्यात प्लास्टर ओतत होते. ओतलं की घट्ट होईपर्यंत थांबायचं असतं, हलवायचं नाही. नुसतं बसायचं. बसल्या बसल्या पत्रातली वाक्यं मनात येत होती, मला आता ती पाठच झाली आहेत. "आमच्या भिंगरीला मी आत्याच्या मायेने…"

आणि तिथेच अडले.

भिंगरी हे नाव शाळेत जायला लागल्यावर पडलं. गोलगोल फिरत चक्कर येऊन पडायची म्हणून मीच पाडलं. वन्संना ते माहीतच नाही. वन्संकडे तिला सगळे "सोनुली" म्हणायचे. वन्सं मेल्या तरी तिला भिंगरी म्हणणार नाहीत.

प्लास्टर कडक झालं तरी मी तशीच. साच्यातून निघेना, फोडावं लागलं. मालक म्हणाले, "आज काय झालंय तुम्हाला?"

घरी येऊन पर्सही ठेवली नाही. "पत्र कुणी लिहिलं?"

"ताईने."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

नाही बघू शकला. सगळं ओकला. ताईने फोन उचललाच नाही, एकदाही नाही. बावीस वेळा केला. मग याने स्वतःच लिहिलं. डाव्या हाताने! वर मला सांगतो, "अगं, लहानपणापासून घरातली सगळी पत्रं मीच लिहायचो. ताई सासरहून पाठवायची तीही, मी तिच्याकडे गेलो की माझ्याकडूनच लिहून घ्यायची. 'तुझी ताई' इतकंच ती म्हणायची, बाकी मीच. सहीसुद्धा मीच करायचो. तिने लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं!"

"तिने लिहिलं असतं तर 'मला दिली होती' असं लिहिलं असतं!"

"हळू. भिंगरी आत आहे."

"आणि खाली पत्ता? फोन नंबर?"

"फॉर्मात रकाना होता गं," म्हणाला. "म्हणून दिला. तिचाच, खरा."

खरा! सगळं खोटं लिहिलं आणि नंबर तेवढा खरा दिला! शहाणा रे बाबा माझा!

३० ऑक्टोबर, बुधवार

ते फोन करतील. विचारतील, हे पत्र तुमचं का? वन्सं म्हणतील, कसलं पत्र?

मग दहा वर्षं. तिघांनाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलबाईंकडे सांगायला गेले. बाहेरच्या खोलीत बसले. तिथे लहान मुलांसाठी मण्यांची पाटी ठेवली आहे, ती हातात घेऊन मणी इकडून तिकडे ढकलत बसले, वेडीसारखी. वकीलबाई बाहेर आल्या. "काही विशेष?"

तोंड उघडलं. सांगितलं तर त्यांना आमचं काम सोडावं लागेल, कदाचित कळवावंही लागेल. नाही सांगितलं तर…

"डॉक्टरांच्या कागदाची एक प्रत हवी होती," म्हटलं.

प्रत घेऊन आले. घरी तिच्या चार प्रती आधीच आहेत.

६ नोव्हेंबर, बुधवार

भित्री आहे मी. भित्री, भित्री, भित्री.

याच्याशी बोलत नाही. पोरीसमोर तेवढं "डबा घेतलास का" वगैरे. ती दोघांकडे आळीपाळीने बघते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

भिंगरीच्या शाळेची सहल जाणार आहे, सीमेपलीकडे, दोन दिवस. वर्गातल्या सगळ्यांचा मिळून एकच कागद. हिला वेगळा. बाईंनी वर्गात सांगितलं, "हिचं अजून ठरायचंय." ही घरी येऊन मला विचारते, "माझं काय ठरायचंय?"

म्हटलं, सहलीचं गं.

"मग ठरव ना लवकर. मला खिडकी हवी."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वन्संना फोन लावला. माझ्या नंबरावरून. वाजत राहिला. पुन्हा. नऊ वेळा. त्यांच्या त्या लहान खोलीत फोन कपाटावर ठेवलेला असेल आणि त्या खाली बसून त्याच्याकडे बघत असतील, अशा दिसतात मला.

आवाजाचा निरोप पाठवायचं ठरवलं. कामावरच्या कपडे बदलायच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत. पहिला – "वन्सं, तुमच्या पाया पडते, एक फोन येईल, फक्त हो म्हणा…" पुसला. दुसरा – "तुमच्या भावासाठी तरी…" पुसला. तिसऱ्यात तर मी भिंगरीचं नाव काढून रडतच होते, तो ऐकून माझी मलाच किळस आली. मूल द्यायचं, परत काढून घ्यायचं, आणि वर त्याच मुलाची भीक घालायला सांगायचं! पुसला.

चौथा पाठवला. जे बोलले ते जवळजवळ असं – "वन्सं, मी बोलतेय. तुमच्या नावाने ह्यांनी एक खोटं पत्र दिलंय. तिथून तुम्हाला फोन येईल. मुलगी तुम्हाला मी दिली होती. तीनदा हो म्हटलं होतं. आणि मग घेऊन आले, तुम्हाला एका शब्दाने न विचारता. आठ वर्षांत माफीही मागितली नाही, कारण मागितली असती तर कबूल करावं लागलं असतं. तुम्हाला जे सांगायचं ते त्यांना सांगा. खरं सांगितलंत तर मी तुम्हाला बोल लावणार नाही."

पाठवलं. हे काय करून बसले मी! "हो म्हणा" एवढंही म्हटलं नाही! पोरीचं सगळं आयुष्य उचलून त्यांच्या ओंजळीत टाकलं – आणि त्यांचं माझ्याशी काय वैर आहे ते मला माहीत आहे.

परत काढून घ्यायला गेले, तोवर त्यांनी ऐकला होता. खूण दिसली.

उत्तर नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

याला सांगितलं. डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "बरं केलंस." मग म्हणाला, "आपण मेलो." मग पुन्हा म्हणाला, "बरं केलंस."

त्याच्या हातावर हात ठेवला. पंधरा दिवसांनी.

२० नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. उत्तर नाही. पोस्ट नाही.

पायरीवर पावलं वाजली की दचकते. आज खालच्या मजल्यावरचे आजोबा मीटर बघायला वर आले, तर मी चमचा खाली पाडला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वकीलबाईंचा फोन, कामावर. मालकांच्या खोलीत जाऊन घेतला. "तुमच्या नणंदेशी नागरिकत्वाच्या ऑफिसचं बोलणं झालंय. दुभाषा घेऊन. पस्तीस मिनिटं."

"काय म्हणाल्या त्या?"

"ते मला सांगत नाहीत. फाइलवर एवढंच आहे – संपर्क झाला."

पस्तीस मिनिटं! "हो, माझंच पत्र" म्हणायला अर्धं मिनिट लागतं. पस्तीस मिनिटांत माणूस सगळी हकिगत सांगतो. पेज, भिंत, तीनदा विचारलं, तीनदा हो. पिशवी. एकेक बोट.

सांगितलं त्यांनी. सांगणारच. मीच म्हटलं होतं ना – सांगा!

प्लास्टरवालीने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. दात तासायचं यंत्र चालूच होतं. समोर कुणाची तरी पुढच्या दोन दातांत फट असलेली कवळी. तशी फट मुद्दाम मागितलीय, पूर्वी होती म्हणून. ती कवळी माझ्याकडे दात काढून हसत होती.

३ डिसेंबर, मंगळवार

कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. हा म्हणाला, एवढ्यात कशाला? म्हटलं, धूळ पुसायला. दोघंही पुसत बसलो. भिंगरी आली, म्हणाली, "सहलीला एवढी मोठी बॅग नाही चालत."

तिथे गेल्यावर ही शाळेत काय करणार? हिला मराठी बोलता येतं, पण वाचायला घेतलं की प्रत्येक अक्षरावर ठेच लागते. कुठल्या वर्गात घालतील? लहान मुलांमध्ये बसवतील. हसतील तिला. आणि एक दिवस रस्त्यात वन्सं दिसतील. मी हिला काय सांगू, या कोण?

याने भात केला, कच्चा राहिला, दोघांनी निमूट खाल्ला.

९ डिसेंबर, सोमवार

मंजूर.

मंजूर! मंजूर! मंजूर!

जाड पाकीट. मी उघडलंच नाही, याने उघडलं, पण याला कागद उलगडेना म्हणून पुन्हा मीच घेतलं. "अनुपस्थितीचा कालावधी माफ करण्यात येत आहे." तीनदा वाचलं. खाली तिचं पूर्ण नाव. हा जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याला म्हटलं, "ऊठ, आता काहीतरी दुरुस्त कर!" आणि मग मीच खाली बसले.

भिंगरीला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे खिडकी मिळणार?"

पण चूक तर नाही ना झाली त्यांची? पस्तीस मिनिटं वन्सं काय बोलल्या? याने फोन केला. कापला नाही. वाजून वाजून बंद झाला.

११ डिसेंबर, बुधवार

वकीलबाई म्हणाल्या, आता आमचा अर्ज लगेच घालू. म्हणाल्या, आता घाबरू नका. सवय गेली पाहिजे ना! आज मालकांनी मागून हाक मारली तरी दचकले.

१४ डिसेंबर, शनिवार

वन्संचा फोन. माझ्या नंबरावर. नमस्कार नाही, काही नाही.

"पत्र माझंच म्हणून सांगितलं. खोटं बोलायचं ठरवूनच बसले होते. मग ते म्हणाले, मूल तुमच्याकडे रमलं होतं का? तिथे मला खोटं बोलावंच लागलं नाही. नाही रमली ती. सात महिने दाराकडे तोंड करून जेवली. मला आई म्हणायची ते मी शिकवलं होतं, रोज, खाऊ हातात धरून. तू न्यायला आलीस तेव्हा तिला कळलंही नाही बिचारीला की जिच्यासाठी रडतेय तीच ही. तुला मी हे सांगायला हवं होतं. मुद्दाम नाही सांगितलं."

मग म्हणाल्या, "आहे का ती घरात?"

भिंगरी बूट घालत होती. "कोण आहे?"

"तूच विचार त्यांना," म्हटलं, आणि फोन तिच्या हातात दिला.